बयाबाईचं टोकन

भैरवनाथाच्या देवळात कॉम्प्युटर बसवायची कल्पना आदेशची नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याचं खापर गावाने चांगला तासभर त्याच्याच डोक्यावर फोडलं होतं.

निमगाव सावाच्या पलीकडे सत्तर उंबऱ्यांची चिंचेची वाडी आहे. चैत्रात तिथे जत्रा भरते आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे पळतात. गाडा पळवायचा तर टोकन हवं, म्हणजे आपली बारी कितवी त्याचा नंबर. इतकी वर्षं गाडामालक देवळाच्या मंडपात जमायचे, नावाच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि देवासमोर एकेक चिठ्ठी निघायची. गेल्या साली एका चिठ्ठीला तेलाचा डाग निघाला. डाग खुणेचा की भज्याचा, यावरून दोन तालुक्यांची माणसं हमरीतुमरीवर आली. तेव्हा जत्रा कमिटीचे अध्यक्ष भिमाजीतात्या यांनी जाहीर केलं, की पुढल्या वर्षी टोकन ऑनलाइन. ऑनलाइन म्हणजे नेमकं काय हे तात्यांना ठाऊक नव्हतं, पण पुतण्याला ठाऊक होतं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

तो पुतण्या म्हणजे आदेश. वय चोवीस, नारायणगावात बियाण्यांच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम. तो म्हणाला, नावनोंदणीचं पान आपण भाड्याच्या सर्व्हरवर ठेवू, कटकट नको. कमिटीने विचारलं, ते मशीन असतं कुठं? मुंबईकडे कुठेतरी, आदेशने सांगितलं. झालं. जे डोळ्यांना दिसत नाही त्यात लबाडी असणारच, असा आमच्याकडचा सरळ न्याय आहे. चिठ्ठ्यांचा डबा जसा सगळ्यांसमोर असायचा तसं मशीनही समोर पाहिजे, तेही देवाच्या दारात, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. आदेशने दोन बैठका वाद घातला आणि तिसऱ्या बैठकीत मान डोलावली. कंपनीने मोडीत काढलेला कॉम्प्युटर आणून त्याने त्याचाच सर्व्हर केला, केबलवाल्याकडून देवळात इंटरनेट घेतलं, बाहेरच्यांसाठी एक कायमचा पत्ता घेतला आणि सगळा संसार देणगीच्या पेटीशेजारी टेबलावर मांडला. पुजाऱ्याने कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून हार घातला. तो नेमका हवा आत जायच्या जाळीवर आला होता, म्हणून आदेशने तेवढा बाजूला सरकवला.

रविवारी दहा ते बारा नोंदणी, मग कॉम्प्युटर नंबर काढणार आणि तात्या ते स्पीकरवर वाचणार, असं ठरलं. घरबसल्या मोबाईलवरून नाव टाका, हेलपाटा वाचवा, अशी जाहिरातही झाली. तिचा परिणाम असा झाला, की एरवी तीस माणसं यायची तिथे साठ आली. नाव घरून टाकता येतं हे खरं, पण मशीन लबाडी करत नाही ना हे घरून कसं दिसणार? खेडहून आले, आंबेगावातून आले. पेठचा ज्ञानेश्वर तर चार जणांना जीपमध्ये घालून आला. त्याचा गाडा नामांकित आणि आवाज त्याहून नामांकित. पाहुणे आले म्हटल्यावर चहा झाला, आणि चहाबरोबर हल्ली जे द्यावं लागतं तेही झालं. आरतीच्या वेळा लिहायच्या फळ्यावर तात्यांनी खडूने वायफायचा पासवर्ड लिहून दिला. पाहुण्याला पाणी आणि वायफाय नाकारायचं नसतं.

आदेशला या साठातल्या कुणाचीच काळजी नव्हती. त्याचा जीव अडकला होता तिकडे पश्चिमेला, डिंगोऱ्यात.

डिंगोरे हे आदेशचं आजोळ, आणि बयाबाई मामाच्या घराशेजारची. नात्याची नव्हे, पण तो तिला मावशी म्हणतो आणि तो शब्द तिने कमावलेला आहे. आदेश जुन्नरला डिप्लोमाला होता तेव्हा बयाबाईने तीन वर्षं रोज पहाटे उठून त्याचा डबा केला आणि दुधाच्या गाडीवर चढवून दिला. एक दिवस खाडा नाही. तिचा नवरा सखाराम वारला त्याच्या तेराव्यालासुद्धा डबा आला होता. तो उघडून आदेश खोलीवर एकटाच रडला होता, आणि मग जेवला होता, कारण तिने तो जेवण्यासाठी पाठवला होता.

नवऱ्यामागे बयाबाईने बैल विकले नाहीत. दोन खोंड तिने स्वतः वाढवले, कणिक-अंडी चारून तयार केले, स्वतः सरावाच्या फेरीला काढले. पण चिठ्ठीच्या बैठकीत पुरुष बसायचे. बाईने तिथे जाऊन डब्यात नाव टाकायचं हे कुणी मना केलेलं नव्हतं आणि कुणी केलेलंही नव्हतं. त्यामुळे चिठ्ठी तिचा दीर टाकायचा, स्वतःच्या नावाची. बैल तिचे, आणि स्पीकरवर पुकारा दिराच्या नावाचा. दीर वाईट नव्हता, त्याला त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही, इतकंच. चार वर्षं ती घाटाच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली आणि तो पुकारा ऐकून घरी गेली.

यंदा आदेशने तिला फोन करून सांगितलं होतं, मावशी, आता बैठकीत बसायचं कामच नाही, तू चुलीपुढून नाव टाक, औंदा तुझ्याच नावाने पुकारतील. बयाबाई चौथी शिकलेली. फॉर्म कसा भरायचा हे तिने त्याच्याकडून तीनदा ऐकून घेतलं आणि रविवारी नऊपासूनच फोन चार्जिंगला लावून बसली.

दहाला पान उघडलं. पहिल्या अर्ध्या तासात एकेचाळीस नावं आली, आणि प्रत्येक नावाला मंडपात हुंकार उठला. साडेदहाला आरती झाली. आरती संपून प्रसाद वाटेपर्यंत नावं एकेचाळीसच होती. अकराला एकेचाळीसच. मग फोन सुरू झाले. ओतूरहून, मंचरहून, घोडेगावहून, सगळ्यांचं एकच: चालंना.

आदेशने कॉम्प्युटरवर पान उघडून पाहिलं. लख्ख उघडलं. तेव्हा त्याने छातीठोकपणे सांगितलं, की इकडे सगळं ठीक आहे, लोकांच्याच रेंजचा घोटाळा आहे. हे वाक्य बोलून दोन मिनिटं होतात न होतात तोच मंडपातल्या एकाने वायफाय बंद करून आपल्या मोबाईलच्या नेटवर पान उघडायचा प्रयत्न केला, आणि त्याचंही उघडेना. त्याच्या फोनला रेंजच्या पाचही कांड्या होत्या.

मग आदेश कॉम्प्युटरवर तुटून पडला. त्याने सर्व्हर बंद करून चालू केला. काही फरक नाही. सेटिंगच्या फाईलमधल्या दोन ओळी बदलल्या, बाहेरच्यांना अडवणारी भिंतच काढून टाकली, पुन्हा बंद-चालू केलं. आता तर कॉम्प्युटरवरही पान दिसेना. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. ज्ञानेश्वर उठून उभा राहिला आणि त्याने सगळ्यांच्या मनातलं आपल्या नामांकित आवाजात बोलून टाकलं, की डबा आणा, चिठ्ठ्या करा, जो हजर त्याची चिठ्ठी. कुणीतरी वहीची पानं फाडायलाही लागला. तिसऱ्या रांगेत बयाबाईचा दीर बसला होता, त्याने खिशातून पेन काढलं.

तात्या पुतण्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पावनेबारापातुर थांबतो. त्याच्या म्होरं माझ्या हातात न्हाई."

तेव्हा अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. आदेश देवळाच्या मागे गेला आणि त्याने जो फोन करायला नको होता तो केला.

नको अशासाठी, की उजमा मॅडमना तोंड दाखवायला त्याला जागा नव्हती. जुन्नरच्या बाजारपेठेत महंमद हनीफ यांचं कुलुपांचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर त्यांची मुलगी उजमा हिचा कॉम्प्युटरचा क्लास. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी नेटवर्कच्या विषयात आदेश गटांगळ्या खात होता, तेव्हा मॅडमनी त्याला चार महिने क्लास सुटल्यावर तासभर थांबवून शिकवलं. फीचं नावही काढलं नाही. त्याच शिकवणीवर त्याला नोकरी लागली. आणि नोकरी लागल्यावर या पठ्ठ्याने तीन वर्षांत पेढे सोडा, एक फोनही केला नव्हता. आज करू, उद्या करू, मग इतका उशीर झाला की करायची लाज वाटायला लागली. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण आपल्यावर बसते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मॅडमनी फोन दुसऱ्या रिंगला उचलला. "बोल आदेश," त्या म्हणाल्या. नंबर त्यांच्याकडे होता. "काय बिघडलंय?"

त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, की बिघडल्यावर तू काय काय बदललंस. आदेशने तीन गोष्टी सांगितल्या. त्या म्हणाल्या, आधी त्या तिन्ही होत्या तशा कर, एका वेळी एक, आणि प्रत्येकीनंतर मला सांग. जे मोडलं नव्हतं ते तू मोडून ठेवलंस, आता दोन दुखणी झाली. घड्याळाकडे बघत, दात-ओठ खात आदेशने एकेक गोष्ट जागेवर आणली. अकरा-वीसला कॉम्प्युटरवर पान पुन्हा दिसायला लागलं. आपण जिथून निघालो तिथेच परत आलो याचा एवढा आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता.

आता मॅडम म्हणाल्या, आत चालतं आणि बाहेर चालत नाही, एवढं नक्की झालं. बाहेर नेमकं काय दिसतं? आदेश म्हणाला, चालत नाही. त्या म्हणाल्या, ते उत्तर मला नको, ते तर मलाही ठाऊक आहे. आदेशने मंचरच्या माणसाला फोनवर घेतलं. तो म्हणाला, बंदच हाय राव. ओतूरचा म्हणाला, काय दिसंनाच. मंडपातल्या ज्याने वायफाय बंद केलं होतं त्याने स्क्रीन कधीच पुसून टाकली होती आणि तो आता बैलांचे व्हिडिओ बघत होता.

तेवढ्यात बयाबाईचा फोन आला. तिला वाटत होतं आपलंच काहीतरी चुकतंय. आदेशने तिला मॅडमच्या लाइनवर जोडलं. एक कुलुपांच्या दुकानावरून, एक डिंगोऱ्यातल्या ओट्यावरून, आणि मधे देवळाच्या भिंतीला टेकलेला आदेश.

मॅडमनी विचारलं, "मावशी, काय दिसतंय ते अक्षर न अक्षर वाचून दाखवाल?"

"आत्ता का मगाशी?" बयाबाई म्हणाली.

मॅडमचा आवाज जरा बदलला. "म्हणजे वेगवेगळं दिसलं?"

"व्हय. साडेधाच्या आधी पान दिसलं, पर माझ्या म्हशीनं तेवढ्यात दावं तोडलं, मंग मी उठले. परत बसले तवा नुसतं गोल फिरत व्हतं. लई वेळ फिरलं नि मंग आलं, 'प्रतिसाद देण्यासाठी खूप वेळ घेतला'. असं दोन येळा. त्याच्या म्होरं ते फिरायचंच बंद झालं. आता बोट लावलं की लगीच म्हनतंय, 'कनेक्ट करण्यास नकार दिला'. आत्ता बी तेच हाय."

गुरं पाळणाऱ्या बाईची ही नजर. जनावर रवंथ करत नाही एवढ्यावर तिचं भागत नाही. कधीपासून करत नाही, आधी काय केलं, मग काय केलं, हे तिला दिसलेलं असतं, कारण डॉक्टर तेच विचारतो.

मॅडम म्हणाल्या, "आदेश, मावशींनी तुझं अर्धं काम केलं. खूप वेळ फिरणं म्हणजे दारात कुणीच नाही. लगेच नकार म्हणजे दारात कुणीतरी आहे, पण ते तुझं मशीन नाही. आधी घर रिकामं झालं, मग त्यात दुसराच येऊन बसला. साडेदहाला काय झालं होतं?"

आदेश म्हणाला, काहीच नाही. आरती झाली, एवढंच. त्या वेळी तर सगळे हात जोडून उभे होते, तो स्वतः पहिल्या रांगेत डोळे मिटून उभा होता.

"आरतीला नगारा हाताने वाजवता?"

"नाही मॅडम, मशीन आहे. बटण दाबलं की नगारा नि घंटा..." आणि आदेशचं तोंड उघडंच राहिलं. नगाऱ्याचं मशीन विजेवर चालतं. टेबलामागच्या बोर्डावर सॉकेट दोन. एकात कॉम्प्युटर. दुसऱ्यात राउटर.

तो धावत मंडपात आला. तात्या खांबाला टेकून बसले होते. त्यांना त्याने विचारलं, आरतीच्या वेळी नगाऱ्याची पिन कुठे लावलीत. तात्यांनी अत्यंत सरळ मनाने टेबलामागे बोट दाखवलं. तिथं ते लुकलुकणारं डबडं होतं, त्याची पिन काढली, नगाऱ्याची घातली. वीस वर्षं तिथेच घालतात.

"पर आरती झाल्याव मी परत लावलं व्हतं की," तात्या म्हणाले. "हाय तसं."

फोनवर मॅडम हसल्या. त्या म्हणाल्या, तात्यांना काही बोलू नकोस, आमच्याकडे अब्बा मोबाईल चार्ज करायला रोज हेच करतात. चूक तुझी आहे. जागा धरून ठेवली होतीस का?

हे त्यांनी वर्गात शिकवलं होतं, आणि एसटीचं उदाहरण देऊन शिकवलं होतं, म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या माणसाने विसरावं असं नव्हतं. बाहेरून आलेला प्रत्येकजण राउटरच्या दारात येतो आणि राउटर त्याला आत ठरलेल्या नंबरच्या सीटकडे पाठवतो. आदेशने राउटरला सांगून ठेवलं होतं, की येईल त्याला दोन नंबरच्या सीटवर पाठव, तिथे आपलं मशीन बसलेलं आहे. पण ती सीट मशीनच्या नावावर केलेली नव्हती. सकाळी मंडपात दुसरं कुणी नव्हतं म्हणून मशीनला सहज दोन नंबर मिळाला होता, इतकंच. राउटरची पिन निघाली तशी गाडी रिकामी झाली. पिन परत लागली तेव्हा दारात साठ पाहुण्यांचे फोन उभे होते. ज्याला जी मिळाली ती सीट त्याने धरली, आणि हळदकुंकू लावलेला कॉम्प्युटर मागे उभा राहिला.

आदेशने तपासलं. मशीनचा नंबर आता एकोणतीस होता. दोन नंबरवर कोण बसलंय ते बघायला त्याने राउटरची यादी उघडली. लोकांनी आपापल्या फोनला काय काय नावं दिलेली असतात. दोन नंबरपुढे लिहिलेलं होतं: घाटाचा राजा.

त्याने मंडपाकडे तोंड करून विचारलं, की घाटाचा राजा नावाचा फोन कुणाचा आहे. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग चिठ्ठ्यांच्या डब्यापाशी उभ्या असलेल्या ज्ञानेश्वरने हळूच आपल्या सदऱ्याच्या वरच्या खिशावर हात ठेवला. काखेत कळसा नि गावाला वळसा हे ऐकून माहीत होतं. त्या दिवशी वाडीने प्रत्यक्ष पाहिलं. जो माणूस पाऊण तास मशीन बंद आहे म्हणून ओरडत होता, त्याच्याच खिशातला फोन मशीनच्या जागेवर बसून बाहेरच्या सगळ्या गाडामालकांना नकार देत होता.

आदेशला त्या क्षणी तो फोन हिसकावून विहिरीत टाकावासा वाटला. पण मॅडम म्हणाल्या, "पाहुण्याला उठवू नकोस. तू एकोणतीसवर बसलायस ना, तीच सीट आपल्या नावावर कर, आणि दारात सांग की येईल त्याला तिकडे पाठव. घाई करू नकोस. दोनच ओळी आहेत. लिहून झाल्या की मला वाचून दाखव."

त्याने लिहिल्या. वाचून दाखवल्या. त्यांनी हूं म्हटलं. त्याने बटण दाबलं.

अकरा वाजून एकेचाळीस मिनिटं. मग डिंगोऱ्याच्या ओट्यावरून आवाज आला. "आलं. फारम आला. आदेश, आता बोलू नगंस, मी लिहिती."

तिला लिहायला नऊ मिनिटं लागली. तेवढ्यात बाकीच्यांची नावं धडाधड यायला लागली, बेचाळीस, पन्नास, सत्तर. आदेश एका डोळ्याने घड्याळ बघत होता आणि एका डोळ्याने यादी. दहा मिनिटांत सगळी माणसं कशी मावायची हा प्रश्न होताच. तो सोडवला ज्ञानेश्वरने. त्याने घसा खाकरला आणि या वेळी बेताच्या आवाजात तात्यांना म्हणाला, "येक वाजेपातुर चालू ठिवा. माझ्या फोनपायी लोकांचा तास गेला. आमी थांबतो." असं म्हणून त्याने चिठ्ठ्यांचा डबा स्वतः उचलून गाभाऱ्यामागच्या खोलीत नेऊन ठेवला. त्या माणसाचा आवाज मोठा होता, पण मनही लहान नव्हतं, हे लिहून ठेवायला हवं. बयाबाईच्या दिराने पेनाला टोपण लावलं.

नऊ मिनिटं संपली आणि यादीत नव्वदाव्या ओळीला तिचं नाव आलं. आदेशने ते दोनदा वाचलं, मग फोन घेऊन पुन्हा देवळामागे गेला. बयाबाईने फोन ठेवला होता, मॅडम अजून लाइनवर होत्या.

"मॅडम, तुम्ही मला माणसात आणलंत आणि मी तीन वर्षांत तुम्हाला एक फोन केला नाही. आज केला तोही काम पडलं म्हणून. माझी चूक झाली. तुमचे उपकार मी विसरलो नव्हतो, पण विसरल्यासारखा वागलो."

खालून अब्बांच्या दुकानातला किल्ली घासण्याचा आवाज येत होता.

"तुझा फोन आला नाही, म्हणजे तुझं सगळं चालू आहे, असं मी धरून चालले होते," त्या म्हणाल्या. "ज्या मुलांचं चालू असतं ती फोन करत नाहीत. मला त्यात बरंच वाटतं. पण आज केलास तेही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू." आणि मग म्हणाल्या, "मला काय, मावशींना हात जोड. पंधरा वर्षं मी पोरांना सांगतेय, 'चालत नाही' म्हणू नका, काय दिसतं ते सांगा. तसं सांगणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं, तेही कधी वर्गात न बसलेलं."

आदेश म्हणाला, पेढे घेऊन येतो. त्या म्हणाल्या, पेढे नको, मावशींना घेऊन ये, मला त्यांना बघायचंय.

एक वाजला. नोंदणी बंद झाली, कॉम्प्युटरने सगळ्यांच्या देखत नंबर काढले आणि प्रिंटरने यादी बाहेर सोडली. तात्यांनी चष्मा लावला, स्पीकर चालू केला आणि वाचायला सुरुवात केली. पहिला नंबर खेडचा लागला, चौथा ज्ञानेश्वरचा, त्याच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. आदेशने बयाबाईला फोन लावला आणि फोन कर्ण्याच्या दिशेने धरून उभा राहिला.

बावन्न. त्रेपन्न. चोपन्नला तात्या अडखळले. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. तीस वर्षं ते त्या स्पीकरवर गाडामालकांची नावं वाचत आले होते, आणि जिभेला ती वाट नवी होती.

"टोकन नंबर चोपन्न," तात्यांचा आवाज मंडपातून, चिंचांच्या वरून, पार ओढ्यापलीकडे गेला. "गाडामालक, बयाबाई सखाराम लोहोटे. मुक्काम डिंगोरे."

मंडपातल्या दोन-चार जणांनी मागे वळून पाहिलं, जणू ती तिथे बसली असेल. दिराने खाली पाहिलं, मग मान वर करून एकदा जोरात टाळी वाजवली, आणि त्याच्या मागून बाकीच्यांनी.

आदेशने फोन कानाला लावला. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. लाइन तुटली की काय म्हणून त्याने स्क्रीन पाहिली, तर सेकंद चालू होते.

"मावशी," तो म्हणाला, "ऐकलंस ना?"

मग ती बोलली, आणि तीन वर्षांच्या डब्यांत तिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"आदेश," ती म्हणाली, "तात्यांना म्हनावं, परत येकदा वाचा."

आदेशने जाऊन तात्यांच्या कानात सांगितलं. तात्या पंचावन्नवर गेले होते. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, बोट एक ओळ वर नेलं, आणि या वेळी न अडखळता, सावकाश, पूर्ण नाव वाचलं.